बंद खोलीतली हवा

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. तिच्या यादीत मुंबई, पुणे, नाशिक, तारापूर या नावांबरोबर पिंपरी-चिंचवडचंही नाव होतं. ते वाचून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर इंदूरच्या मामेभावाने विचारलं, "काय गं, सायरन वाजला तर तुम्ही सांगवीकर लपणार कुठे?" त्यावर अपेक्षेप्रमाणे टवाळी सुरू झाली. कुणी म्हणालं, पवनेत शिरा, जलपर्णीखाली कुणाला दिसणार नाही. कुणी म्हणालं, डासच शत्रूला परतवतील. आईने मात्र १९७१ ची आठवण काढली. तेव्हा खिडक्यांना काळे कागद लावायचे आणि दिव्यावर पुठ्ठ्याचं नळकांडं बसवायचे. मग म्हणाली, "उजेड अडवता येतो गं कागदाने. हवा कशी अडवणार?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

आईला दमा आहे. वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही जुन्या सांगवीत तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. ती दोन जिने चढते तेव्हा मधल्या वळणावर आम्ही एक खुर्चीच ठेवली आहे. "पळा" असं कुणी सांगितलं तर पळू शकणाऱ्यांतली ती नाही. म्हणजे संकट हवेतून आलं तर आम्हाला घरातच थांबावं लागणार, हे आधीच ठरलेलं. मग थांबायचं तर कसं, एवढाच प्रश्न उरतो.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं घाबरण्यासारखं काय आहे? सांगते. बॉम्बचं सोडून द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या जलतरण तलावावर क्लोरीनची गळती झाली. सकाळी पोहायला गेलेली माणसं खोकत खोकत रुग्णालयात पोचली. कासारवाडी आमच्यापासून तीन-चार किलोमीटर. त्याच महिन्यात ताथवड्याला टँकरमधून चोरून गॅस काढताना सिलिंडरचे स्फोट झाले. डिसेंबर २०२४ मध्ये कुदळवाडीच्या भंगार गोदामांना आग लागली. रबर, प्लास्टिक, फोम, काय काय जळलं असेल देव जाणे. भोसरी, चिंचवड, तळवडे, चाकण... या पट्ट्यात आपण सगळे कारखान्यांच्या जिवावर वाढलो. त्यामुळे तक्रारीचा सूर लावत नाही. पण वारा कुणाचाच नोकर नसतो.

या विषयावर वाचायला लागले तेव्हा पहिली गोष्ट कळली ती अशी, की "हवा शुद्ध करणे" हा एक प्रकार नाहीच. धुराचे कण वेगळे, वायू वेगळा. आपण दोन्हींना एकाच फडक्याने अडवायला जातो.

कण म्हणजे धूर, धूळ, राख. ते कितीही बारीक असले तरी वस्तूच आहेत, त्यामुळे गाळता येतात. एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे गाळायला सगळ्यात अवघड आकाराचे, निदान ९५ टक्के कण अडवतो. घरातल्या एअर प्युरिफायरमध्ये जी हेपा जाळी असते ती ९९.९७ टक्के. कुदळवाडीसारख्या आगीच्या धुराला या दोन्हींचा खरा उपयोग आहे.

वायूचं तसं नाही. क्लोरीन, अमोनिया हे रेणू एन-९५ च्या धाग्यांमधून सहज निघून जातात. चहा गाळणीत चहापत्ती अडकते, साखर अडकत नाही, तसंच हे. त्यांना पकडायला सक्रिय कोळसा लागतो आणि बऱ्याच वायूंसाठी त्या कोळशावर आणखी रसायनं चढवावी लागतात. म्हणून कारखान्यातल्या मास्कच्या डब्यांना रंग असतात. युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्टा सेंद्रिय बाष्पांसाठी, करडा क्लोरीनसारख्या वायूंसाठी, पिवळा सल्फर डायऑक्साइडसारख्या आम्लवायूंसाठी, हिरवा अमोनियासाठी आणि पांढरा कणांसाठी. चुकीच्या रंगाचा डबा लावला तर नुसतं ओझं. आणि कोणताही डबा ऑक्सिजन तयार करत नाही, तो फक्त गाळतो.

हे रंग मी लहानपणी पाहिले होते. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात प्लेटिंग खात्यात होते. क्रोमच्या टाक्यांवर उभं राहायचं काम. टाकीतून आम्लाचं बारीक तुषार उठतं, ते नाकात बसतं. त्यांच्या खात्यात असे मास्क होते, पण कपाटात. तपासणीला साहेब येणार असले की वाटायचे, साहेब गेले की मोजून परत घ्यायचे. एरवी बाबा रुमाल बांधत. घरी आल्यावर तो रुमाल आई वेगळा भिजत घाले आणि त्याला नाकाच्या जागी पिवळट डाग असे. मला वाटायचं हळदीचा आहे. पुढे बाबांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलं. क्रोमवर काम करणाऱ्यांचं हे जुनं, पुस्तकात लिहिलेलं दुखणं आहे. बाबा त्याचीही गंमत करत, "माझं नाक आता हवेशीर झालंय."

असो. सांगायचा मुद्दा असा की रुमालावर आपला फार विश्वास. पुण्यातल्या मुलींचा दुचाकीवरचा स्कार्फ तर जगप्रसिद्ध. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा औषधांच्या दुकानांतले मास्क दोन दिवसांत संपले आणि अख्खं शहर रुमाल बांधून फिरू लागलं. २०२० नंतर तर सगळेच मास्कतज्ज्ञ झालो. तरी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात राहिली. मास्कच्या कापडाइतकीच त्याची कड महत्त्वाची असते. गालापाशी फट राहिली की हवा तिथूनच आत येते, कारण तिलाही सोपी वाट हवी असते. कानात अडकवायच्या मास्कपेक्षा डोक्यामागून दोन पट्टे जाणारा घट्ट बसतो. दाढीवर कोणताच नीट बसत नाही. (नवऱ्याला हे वाचून दाखवलं. दाढी अजून आहे.)

मग ओल्या फडक्याचं काय? २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट सुटला. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरणारा. लोक झोपेतून उठून धावत सुटले. धावताना श्वास वाढतो, म्हणजे विषही जास्त जातं. पुष्कळजण वारा जिकडे चालला होता तिकडेच धावले. चेहऱ्यावर ओलं कापड धरा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघा, एवढं जरी आधी कुणी शिकवलं असतं तरी काही जीव वाचले असते, असं नंतर वारंवार लिहिलं गेलं. पाण्यात विरघळणाऱ्या किंवा पाण्याशी रासायनिक क्रिया करणाऱ्या वायूंना ओलं फडकं थोडंफार अडवतं. थोडंफार. काही मिनिटांची उसनवारी म्हणा. त्या मिनिटांत खोलीपर्यंत पोचायचं.

आता खोलीकडे येते.

इस्रायलमध्ये १९९१ च्या आखाती युद्धात लोकांनी घरातली एक खोली निवडून खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावली. सगळ्यांना गॅस मास्क वाटले होते. त्या दिवसांत काही माणसं गुदमरून गेली, वायूमुळे नव्हे, तर मास्कच्या डब्याचं बूच काढायचं राहिल्यामुळे. वाचून अंगावर काटा आला. पुढच्याच वर्षापासून तिथे नव्या घरांत काँक्रीटची सुरक्षित खोली बांधणं सक्तीचं झालं. अशा खोलीला गाळणयंत्र जोडता येतं. त्याची युक्ती मला फार आवडली. पंखा बाहेरची हवा गाळून आत ढकलत राहतो, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो. भिंतीला बारीक फटी असल्या तरी हवा आतून बाहेर जाते, बाहेरून आत येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर १९६० च्या दशकापासून जवळजवळ प्रत्येक नागरिकासाठी आश्रयघरात जागा राखलेली आहे, हाताने फिरवायच्या पंख्यासकट. आपल्याकडे नदीपलीकडे दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात अण्वस्त्र, जैविक आणि रासायनिक हल्ल्यांपासून बचावाचं शिक्षण दिलं जातं, पण ते जवानांसाठी. सांगवीतल्या दोन बेडरूमच्या घराला दाबाची खोली परवडणार नाही. आपल्यासाठी उरते चिकटपट्टी.

चिकटपट्टीला हसू नका. वायुगळतीचा ढग साधारणपणे तास-दोन तासांत विरतो किंवा पुढे सरकतो. तेवढा वेळ काढायचा असतो.

आम्ही मधली खोली निवडली. अकरा बाय दहा, एकच खिडकी. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, त्यामुळे दुसरा मजला आमच्या फायद्याचा. खिडकीच्या आणि दाराच्या मापाचं जाड प्लास्टिक आधीच कापून, वर मार्करने "खिडकी", "दार" लिहून कपाटात ठेवलं. बरोबर रुंद खाकी टेपचे दोन गुंडे, दाराखालच्या फटीसाठी पंचे, पाण्याच्या बाटल्या, विजेरी, सेलवर चालणारा रेडिओ, मास्क, आणि आईचा पंप व स्पेसर. नेब्युलायझरला वीज लागते, स्पेसरला नाही, म्हणून तो पहिला. कूलर बंद, कारण तो बाहेरचीच हवा आत ओढतो. स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला एक्झॉस्ट बंद. बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या झरोक्यालाही प्लास्टिक. मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी, म्हणजे नळीतून काही वर येणार नाही.

आणि आत काहीही पेटवायचं नाही. मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, शेगडी तर नाहीच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. साधा कोळशाचा डबाही त्याला धरत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, तो हाच.

इथे सांगवीकरांची एक खास अडचण आहे. नदीत जलपर्णी माजली की संध्याकाळी सहाला आम्ही सगळेच खिडक्या लावून घेतो आणि डासांची कॉइल पेटवतो. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं. म्हणजे आश्रयखोलीचा सराव आम्ही वर्षानुवर्षं करतोच आहोत, फक्त विष आत ठेवून! आईच्या खोलीतली कॉइल बंद करून मच्छरदाणी लावली. युद्धाच्या तयारीचा हा पहिला फायदा. तिचा रात्रीचा खोकला कमी झाला.

मग मी हिशेबाला बसले. खोली अकरा बाय दहा, उंची साडेनऊ फूट, म्हणजे सुमारे तीस घनमीटर. पलंग-कपाटं वजा करून पंचवीस धरले, म्हणजे पंचवीस हजार लिटर हवा. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण अठरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आई, मी आणि नवरा, तिघांचे चोपन्न लिटर. तासाला ०.२ टक्के वाढ. तीन तासांनंतरही पाऊण टक्क्याच्या आत. तीन टक्क्यांच्या आसपास डोकं दुखू लागतं, श्वास जोरात चालू लागतो. आम्ही त्याच्या कितीतरी अलीकडे. छान. मी वही मिटली.

आईने विचारलं, "खालचे लोक?"

तळमजल्यावर एक वयस्कर जोडपं राहतं. जिन्याखालच्या खोलीत वॉचमन, त्याची बायको आणि दोन मुलं. जड वायू आधी त्यांच्याकडे पोचणार. ज्या कारणाने आमची खोली सुरक्षित, त्याच कारणाने त्यांची नाही. वही पुन्हा उघडली. नऊ माणसं, तासाला १६२ लिटर, ०.६५ टक्के. दोन तासांत सव्वा टक्का, तीन तासांत दोन. अमेरिकेतल्या सरकारी मार्गदर्शनात माणशी दहा चौरस फूट जागा असेल तर पाच तासांपर्यंत भागतं असं सांगतात, त्या मापाने नऊ जण बसतात. पण ते माप धडधाकट माणसाचं. आईसारखीला त्याआधीच कोंडल्यासारखं होणार. शिवाय घाबरलेली मुलं स्वस्थ बसत नाहीत, आणि दार दर वेळी उघडलं की बाहेरची हवा आत येते.

मी हे सगळं आईला आकड्यांसकट समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बरं. आणि दार वाजलं तर काय सांगणार आहेस? टेप लावलीय म्हणून?"

मंडळी, या वाक्यापाशी माझे सगळे आकडे थांबले. कारण ज्या श्वासासाठी मी हा खटाटोप करत होते, तो श्वास तिचाच होता. आणि तीच त्यातला वाटा द्यायला निघाली होती. मी म्हटलं, "आई, तुला त्रास झाला तर?" ती म्हणाली, "तुझे बाबा आठ तास दुसऱ्याची हवा घेत होते. कुणी दार उघडलं नाही त्यांना."

यावर काय बोलणार?

दोन दिवस मी गप्प होते. मग लक्षात आलं की हिशेब बरोबरच आहे, एकच खोली धरली म्हणून तो अडतोय. समोरच्या बिऱ्हाडातही अशीच मधली खोली आहे. वरच्या मजल्यावर दोन आहेत. चार खोल्या तयार असल्या तर इमारतीतली अठरा-एकोणीस माणसं पाच-पाच करून बसतात. पाच जणांचे नव्वद लिटर, तासाला ०.३६ टक्के. दोन तासांत पाऊण टक्क्याच्या आत. आईही तगेल आणि दारही उघडता येईल. फक्त कोण कुठे जाणार हे आधी ठरलेलं हवं, म्हणजे दार एकदाच उघडेल.

सोसायटीच्या बैठकीत विषय मांडला. पार्किंग आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये दहा मिनिटं मिळाली. एकजण म्हणाले, "ताई, टीव्ही कमी बघा." पण समोरच्या वहिनींना कासारवाडीचं आठवत होतं, त्यांचा पुतण्या तिथे पोहायला जायचा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी खिडकीचं माप घेतलं. वरचे एक घर तयार झालं, एक अजून "बघू" म्हणतंय. वॉचमनच्या मुलीला प्लास्टिक कापायचं काम दिलं, तिने माझ्यापेक्षा सरळ कापलं. तिच्या कुटुंबाचं नाव समोरच्या खोलीच्या यादीत आहे, आजी-आजोबांचं आमच्या. आजोबांना गुडघ्यांमुळे वर यायला चार मिनिटं लागतात. हे मी घड्याळ लावून पाहिलं. म्हणून त्यांच्याकडे दोन ओले पंचे आणि एक शिट्टी ठेवली आहे. शिट्टी वाजली की वरून कुणीतरी खाली जायचं, हात द्यायला.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात शेवटी कळली आणि सगळ्यात महत्त्वाची वाटते. बंद खोली पूर्ण बंद कधीच नसते. बाहेरचा वायू हळूहळू आत झिरपतोच, फक्त सावकाश. बाहेरचा ढग निघून गेला की एक क्षण असा येतो, जेव्हा आतली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट असते. तेव्हा आतच बसून राहिलात तर केलेलं सगळं वाया. धोका टळल्याची सूचना रेडिओवर, फोनवर मिळाली की सगळी प्लास्टिकं ओढून काढायची, खिडक्या सताड उघडायच्या, पंखे लावायचे आणि बाहेर मोकळ्यावर जायचं. बंद करण्याइतकंच वेळेवर उघडणंही शिकावं लागतं. म्हणून रेडिओच्या सेलची तारीख मी दर संक्रांतीला आणि दर गणपतीला बघते.

कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवलाय. वर कुणी कुठे जायचं, मधे काय बंद करायचं, खाली "उघडायचं कधी". आईने त्यावर पेन्सिलने स्वतःची एक ओळ वाढवली आहे: "वॉचमनच्या धाकट्याला गोळ्या-बिस्किटं." त्याप्रमाणे डब्यात पार्लेचे दोन पुडे ठेवले. परवा बघितलं तर एकच उरला होता. आईला विचारलं तर म्हणते, "सराव चालू आहे."

तुमच्या घरात अशी एकच खिडकी असलेली खोली कोणती? आणि दार वाजवायला कोण कोण येईल? आज मोजून बघा आणि मला कळवा. इंदूरकर, तुम्हीसुद्धा.